सातारा हिल हाफ आणि पाऊस: धावण्याआधी पोचण्याबद्दल बोलूया

भिजपाऊस (पुणे)

नमस्कार मंडळी,

सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे साताऱ्याची सप्टेंबरातल्या रविवारची २१ किलोमीटरची डोंगरी शर्यत, तोंडावर आली आहे. बूट कुठले, धावताना ताकदीसाठी खायचं जेल किती, यवतेश्वरचा घाट चालत चढायचा की पळत, यावर आपल्याकडे भरपूर धागे आहेत. मला दुसरंच बोलायचं आहे. पावसात धावायचं कसं हे आपण एकमेकांना अगदी आपुलकीने शिकवतो. पण भर पावसात तिथवर पोचायचं कसं, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

गेल्या वर्षीचं सांगते. बिब, म्हणजे शर्टाला लावायचे क्रमांक, एका मित्राने शनिवारीच जाऊन सगळ्यांचे घेऊन ठेवले होते, म्हणून आम्ही चौघं पुण्याहून रात्री अडीचला निघालो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापासूनच धो धो सुरू झाला. खंबाटकी घाट कसाबसा चढलो. धुक्यात पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा, तोच धरून चालायचं. घाट उतरून वेळ्याला लागलो तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि भुईंजच्या पुढे, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर, गाडी पाण्यावर तरंगली. चालवणारा मित्र नंतर म्हणाला की स्टिअरिंग एकदम हलकं झालं, खाली काही धरलेलंच नाही असं. अर्धी गिरकी घेऊन गाडी दुभाजकापासून हातभर अंतरावर थांबली, तोंड पुण्याकडे. इंजिन चालू, वायपर चालू, आणि आत चौघांपैकी कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. मागच्या ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक लावला म्हणून मी आज हे लिहू शकते आहे.

त्यानंतर आम्ही साताऱ्याला गेलो आणि धावलोसुद्धा. घाट ढगात बुडाला होता, रस्त्याकडेच्या दगडांतून पाणी झिरपत होतं, कासच्या रस्त्याला पिवळी फुलं दिसायला लागली होती. इतकं सुंदर मी कधीच धावले नव्हते. पण पदक हातात घेतलं की मला घाट आठवत नाही, तो ट्रक आठवतो.

गाडी मी चालवत नव्हते, पण निघायचा आग्रह माझा होता. शनिवारी संध्याकाळी हवामान विभागाचा पावसाचा ऑरेंज इशारा आला, तेव्हा एकाने विचारलं होतं, "जायचंच का?" त्यावर "चार महिने सराव केलाय, पैसे भरलेत" हे वाक्य माझंच होतं.

पावसात धावायला माझी अजिबात ना नाही. या शर्यतीची मजाच ती आहे. पण रात्रीचा प्रवास नको. शनिवारी उजेडात पोचायचं, रविवारी झोप काढून उजेडात परतायचं. तेवढं जमत नसेल तर त्या वर्षी नाही जायचं. तुम्हा सगळ्यांना काय वाटतं? आणि कोण कसं जातंय?

चक्रधर (पिंपरी)

ताई, वाचून काटा आला. मी रोज याच रस्त्याने गाडी चालवतो म्हणून दोन गोष्टी सांगतो.

गाडी तरंगते तेव्हा टायरची नक्षी पाणी बाजूला सारू शकत नाही. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसाळ्यात एवढ्यावर भागत नाही. वेग हेच खरं कारण. साठलेल्या पाण्यात ताशी ८०ला गाडी जी करते ते ५०ला करत नाही. तरंगलीच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग वळवायचं नाही, फक्त अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि चाक सरळ धरून थांबायचं. रस्ता परत हाताला लागतो.

दुसरी गोष्ट परतीची. सगळे जातानाच्या घाटाला घाबरतात. परतताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एसच्या आकाराचं वळण येतं, आणि पुण्यात शिरताना कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. या दोन जागी किती अपघात झालेत ते पुणेकरांना सांगायला नको. पहाटे तीनला उठलेला, २१ किलोमीटर धावलेला, वर मिसळ खाल्लेला माणूस दुपारी बाराला तिथे स्टिअरिंगवर असतो. मला पावसापेक्षा त्या डुलकीची भीती जास्त वाटते.

घाटमाथा (डोंबिवली)

भिजपाऊस, तुमचा अनुभव गंभीर आहे आणि तो इथे मांडलात हे फार चांगलं केलंत. तरी थोडी दुसरी बाजू मांडतो.

"शनिवारी उजेडात पोचा" हे पुण्याहून ११० किलोमीटर जाणाऱ्याला सोपं आहे. आम्हाला अडीचशे पडतात. माझी शनिवारची पूर्ण ड्युटी असते. साताऱ्यातल्या लॉजच्या खोल्या त्या आठवड्यात मिळत नाहीत, मिळाल्या तर दुपटीने. शर्यतीची फी, प्रवास, खोली, जेवण असं धरलं तर एका पदकामागे माझ्यासारख्याचा महिन्याचा किराणा जातो. मी सहा वर्षं लोकलच्या वेळा सांभाळून पहाटे चारला धावतोय. या एका शर्यतीची वाट वर्षभर बघतो. "नाही जायचं" हे वाक्य लिहायला जेवढं सोपं आहे तेवढं पाळायला नाही, एवढंच म्हणणं आहे.

भिजपाऊस

घाटमाथा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. खरं आहे, मी स्वतःच्या सोयीवरून नियम सांगितला. मग प्रश्न असा मांडते: शनिवारी ज्यांना निघता येत नाही त्यांना सुखरूप नेता येईल असं आपण मिळून काही करू शकतो का?

कासकन्या (सातारा)

मी साताऱ्याचीच. गेली काही वर्षं शर्यतीच्या दिवशी धावपटूंना पाणी देण्याच्या टेबलामागे उभी असते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

२०१२ साली ही शर्यत सुरू झाली तेव्हा गावात कुतूहल होतं. २०१५ मध्ये एका डोंगरावरच्या सर्वांत मोठ्या धावेचा गिनीज विक्रम इथे झाला आणि तेव्हापासून ती घराघराची झाली. समर्थ मंदिराच्या चढापाशी म्हाताऱ्या बायका पहाटेपासून दारात येऊन उभ्या राहतात. पोरं हात पुढे करून टाळ्या मागतात. पाऊस असला की छत्री एका हातात आणि टाळीसाठी दुसरा पुढे. हे सगळं पावसामुळे कमी होत नाही, उलट वाढतं.

पण टेबलामागून काय दिसतं ते सांगते. आम्ही अंधारातच वर जाऊन बसतो. मिठाच्या पाण्यात लिंबं पिळून, केळी अर्धी करून ठेवायची. तासाभरात बोटांची टोकं पांढरी होऊन सुरकुततात, मग पेला धरलेला कळतसुद्धा नाही. आणि अशातही समोरून कोण रात्रभर जागून आलंय ते लगेच ओळखू येतं. त्याचा पेला हातातून निसटतो. तो "थँक यू" म्हणत नाही. वाईट माणूस असतो म्हणून नव्हे, शब्दच सुचत नसतो त्याला. चढ कसाही पार करतात ही माणसं. पडतात ती उतारावर. घाटातले पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे होतात, वळणाच्या आतल्या कडेला शेवाळ असतं, आणि डोळ्यांवर झोप असली की पाऊल नेमकं तिथेच पडतं. दोन वर्षांपूर्वी एका काकांना मी स्वतः धरून बसवलं. गुडघा फुटला होता. म्हणाले, रात्री एकला निघालो, डोळ्याला डोळा नाही.

घाटमाथा दादा, खोलीचं म्हणताय ते अगदी बरोबर आहे. पण साताऱ्यात माझ्यासारखी पुष्कळ घरं आहेत जिथे त्या रात्री सतरंज्या पसरून धावपटू झोपतात. आमच्या हॉलमध्ये सहा माणसं मावतात. पैसे नकोत. रात्री आमटी-भात आणि पहाटे पोहे, एवढं आई आनंदाने करते. शनिवारी ड्युटी संपवून संध्याकाळी निघालात तरी रात्री उशिरा का होईना पोचाल, चार तास तरी पाठ टेकेल. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नाडीपरीक्षा (नाशिक)

कासकन्या, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

मी डॉक्टर आहे आणि स्वतः धावते. थंडीबद्दल लिहिते, कारण आपल्याकडे "महाराष्ट्रात कसली आलीय थंडी" असं म्हणून हा विषय सोडून दिला जातो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या कान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा आला. १७२ धावपटूंपैकी २१ जण गेले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटू होते. अंगावर बहुतेकांच्या अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चड्डी.

यवतेश्वर म्हणजे कान्सू नव्हे, हे मलाही कळतं. पण शरीराचं गणित तेच आहे. ओला कपडा अंगातली उष्णता कोरड्या कपड्यापेक्षा कितीतरी वेगाने खेचून घेतो, वारा त्यात भर घालतो. धावताना स्नायू उष्णता तयार करत असतात म्हणून आपल्याला कळत नाही. धोका सुरू होतो शर्यत संपल्यावर. पदक गळ्यात घालून फोटोसाठी रांगेत पंधरा मिनिटं उभं राहिलात की कुडकुडायला लागता. बोलताना जीभ अडखळली, बुटाची नाडी सोडताना बोटं ऐकेनाशी झाली, की समजा गाडी उताराला लागली. आणि एक नीट लक्षात ठेवा: गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं मध्येच थांबलं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. ते जास्त वाईट लक्षण आहे.

म्हणून शेवटची रेषा ओलांडली की आधी कोरडे कपडे, मग गोड गरम चहा, मग फोटो. सुती गंजी नको, ती पाणी धरून ठेवते. टोपी पुढे झाप असलेली घाला, डोळ्यांवर पाणी येत नाही. सुरुवातीच्या रांगेत उभं राहताना कचऱ्याच्या मोठ्या प्लास्टिक पिशवीला डोक्याला आणि हातांना भोकं पाडून घाला, निघताना काढून कचरापेटीतच टाका. २०१८च्या बोस्टन मॅरेथॉनला समोरून गार वारा आणि मुसळधार पाऊस होता. त्या दिवशी आफ्रिकेतले अनेक अव्वल धावपटू मध्येच थांबले आणि पुरुषांत जपानचा युकी कावाउची जिंकला, जो तेव्हा सरकारी नोकरी सांभाळून धावत होता. पावसात वेगापेक्षा तयारी चालते, असं मला तेव्हापासून वाटतं.

रंकाळा (कोल्हापूर)

मी एसटीने जाते. एकटी. तीन वर्षं झाली.

घरच्यांना आधी काळजी होती, आता नाही. शनिवारी सकाळी कोल्हापूर स्टँडवरून पुण्याची गाडी धरायची, दुपारच्या आत साताऱ्यात. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे स्वस्तही पडतं. पावसात त्या रस्त्यावर रोज गाडी चालवणारा ड्रायव्हर माझ्यापेक्षा किंवा माझ्या भावापेक्षा नक्कीच बरा चालवतो. खिडकीतून पाणी येतं ते येतं, टॉवेल लावायचा.

बूट भिजले तर रात्री वर्तमानपत्राचे बोळे करून आत कोंबायचे, तासाभराने बदलायचे. सकाळी कोरडे नसले तरी जड नसतात. मांडीच्या आतून, काखेत आणि बायकांनी आतल्या कपड्याच्या पट्टीखाली व्हॅसलीन सढळ हाताने लावायचं. पहिल्या वर्षी मी लावलं नव्हतं. परतीच्या गाडीत दोन तास हात अंगापासून लांब धरून बसले होते.

येताना मात्र घाई नको. मी कासकन्येसारख्याच एका घरी अंघोळ करून, तासभर झोपून दुपारची गाडी धरते.

पर्जन्यमापक (पुणे)

इशाऱ्यांबद्दल थोडं. भिजपाऊस यांनी ऑरेंज इशारा लिहिला म्हणून.

सातारा जिल्हा म्हणजे एक हवामान नव्हे. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला माण-खटाव, तिथे पाचशेच्या आसपास, आणि टँकरही लागतात. म्हणून हवामान विभाग साताऱ्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतो. तो वेगळा वाचायला शिका. शहर आणि यवतेश्वर यांत अंतर थोडं असलं तरी तुम्ही धावताना घाटाच्या बाजूला चढत असता.

आकडेही माहीत असू द्या. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. रंग मात्र "काय करायचं" हे सांगतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. निघायच्या आधी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज बघा, आठवड्याचा नव्हे.

सप्टेंबरात एक बदल होतो. जुलैचा पाऊस संथ, दिवसभराचा. सप्टेंबरात दुपारनंतर ढगांचा गडगडाट आणि विजा वाढतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अॅप फोनमध्ये ठेवा, वीज किती लांब आहे ते दाखवतं. गडगडाट ऐकू आला तर पठारावर उभं राहायचं नाही, एकट्या झाडाखाली तर नाहीच. गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. परतीसाठी दुपारी उशीर करू नका याचं हेही एक कारण. सकाळचे दहा-साडेदहा ते दुपारचे दोन, एवढ्यात झोप आणि प्रवास दोन्ही बसवता येतात.

थेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

माबदौलत इकडे दर शनिवारी पार्करन धावतात, म्हणून इकडची पद्धत सांगावीशी वाटली. पाच किलोमीटर, फुकट, सकाळी नऊला. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ जणांनी सुरुवात केली, आता कित्येक देशांत आहे. आम्ही काही मराठी मंडळी गाडी काढून दर महिन्याला वेगळ्या गावच्या पार्करनला जातो. दीड-दोन तासांचा प्रवास, अर्ध्या तासाची धाव, मग डब्यातली थालीपीठं.

७ डिसेंबर २०२४ला, शनिवारीच, दराघ वादळ आलं. वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये वाऱ्याचा रेड इशारा होता. कितीतरी ठिकाणच्या धावा रद्द झाल्या. आम्ही आदल्या रात्री डबे भरून तयार होतो. मला शिकायला मिळालं ते असं, की रद्द करायचा निर्णय तिथले गावचेच स्वयंसेवक घेतात. पहाटे मार्गावरून चालत जातात, बर्फ किंवा पडलेलं झाड बघतात आणि कळवतात. त्यावर कोणी वाद घालत नाही. पुढच्या शनिवारी तेच स्वयंसेवक परत उभे असतात.

आपल्याकडे फी मोठी आणि शर्यत वर्षातून एकदाच, म्हणून "आज नको" म्हणणं जड जातं हे मान्य. पण निदान गाडीतल्या चौघांपुरता तरी हा अधिकार एकाला आधीच देऊन टाकावा. आमच्यात नियम आहे: चौघांतल्या एकाने जरी नको म्हटलं, तरी गाडी निघत नाही, आणि का ते विचारायचं नाही.

घाटमाथा

थेम्सकाठ, हा शेवटचा नियम मी उचलतोय. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत लहान मुलगा कधीच "नको" म्हणू शकत नाही, कारण गाडी सीनियरची असते. त्याच्या जागी मीही होतो कधीतरी.

उंबरठा (हडपसर)

मी दोन वर्षांपूर्वी शिरवळहून परत फिरलो होतो. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

एकटाच होतो. पहाटे साडेतीन. नीरेचा पूल ओलांडला आणि समोर काही म्हणजे काही दिसेना. पेट्रोल पंपावर अर्धा तास थांबलो. तिथल्या पोराने चहा आणून दिला आणि म्हणाला, "काका, आज घाटात ट्रक आडवा झालाय." उजाडल्यावर गाडी वळवली. घरी आलो तेव्हा बायको देवपूजा करत होती. मला दारात बघून ती काही बोलली नाही, नुसती डोक्यावर अक्षता टाकून आत गेली.

त्या सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल २१ किलोमीटर धावलो. बिब शर्टाला लावूनच.

भिजपाऊस

उंबरठा, तुमचं वाचून डोळे भरून आले. आम्ही चौघांनी शिरवळला तसंच वळायला हवं होतं.

बरं, आता ठरवूया. शनिवारी सकाळी ११ला स्वारगेटहून साताऱ्याची विनाथांबा एसटी, आम्ही सात जण. बिब पोचल्या पोचल्या घ्यायचे. संध्याकाळी निघणाऱ्यांसाठी चक्रधर एक गाडी घेऊन येतो म्हणालेत. ते स्वतः धावणार नाहीत, फक्त चालवणार आणि रविवारी परत आणणार. घाटमाथा, तुम्ही डोंबिवलीहून पुण्यापर्यंत ट्रेनने या, पुढे त्या गाडीत तुमची जागा धरली आहे. सगळ्यांनी कोरड्या कपड्यांची पिशवी वेगळी, बाहेरून नाव लिहून. रेड इशारा आला तर शनिवारी सकाळी नऊला इथेच लिहीन आणि कोणीही निघायचं नाही.

घाटमाथा

जागा पक्की. शनिवारची संध्याकाळची तासाभराची सुट्टी साहेबांकडून मागून घेतली. इतकी वर्षं मागितलीच नव्हती.

कासकन्या

नऊ नावं आली आहेत, हॉलमध्ये सहा, तीन जण वर मावशीकडे. आई विचारतेय, आमटीत गूळ चालतो ना सगळ्यांना? आणि बंब पहाटे साडेतीनला पेटवते आहे, धावून आल्यावर पुन्हा पेटवेन. ओले बूट अंगणात नका काढू, पडवीत रद्दीचा गठ्ठा ठेवलाय.